मंजुरीआधीचं काम

आधी आलं ते त्याचं यंत्र. घरंगळत.

बंदरावर मे महिन्याचं धुकं उतरलं होतं. धड पाऊस नाही, धड कोरडं नाही, नुसती ओल. मी दुकानाकडे निघाले होते. धक्क्यावर एक पिवळी नळी माझ्या बुटाशी येऊन थांबली... आणि किंचाळली.

"पकड तिला! पाण्यात जाईल!"

मी उचलून कानाशी धरली. "हिचा घसा बसलाय."

"तुलाही ती खरखर ऐकू येते?" तो धापा टाकत समोर उभा राहिला. पापण्यांवर धुक्याचे थेंब. "मला वाटलं, मलाच भास होतोय."

"पाण्याखालचे आवाज शिकण्यात वर्षं घालवलीत मी. आता दुकानात कोबी तोलते."

"नशीबवान कोबी," तो म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

तो गॅरेट. वादळात दोर तुटले की खेकड्यांचे पिंजरे समुद्राच्या तळाशी हरवतात. तिथून ते हाक मारतील असं यंत्र तो वडिलांच्या जुन्या बोटशेडमध्ये बनवत होता. एकटाच. मला पगार देण्याची त्याची ऐपत नव्हती. पण सरकारची एक योजना होती – छोट्या कंपनीनं नुकतंच शिकून बाहेर पडलेलं माणूस संशोधनाच्या कामाला घेतलं, तर वर्षभर पगाराचा मोठा वाटा सरकार उचलणार.

मला ती नोकरी मिळायलाच हवी होती. आमचं दुकान जूनअखेर बंद होणार होतं. आमच्या न्यूफाउंडलंड बेटावरची पोरं तेलाच्या कामावर पार पश्चिमेला, अल्बर्टाला जातात आणि मग नाताळच्या फोटोत तेवढी दिसतात. भावानं तिथं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मला जायचं नव्हतं. गॅरेट भेटल्यावर तर मुळीच नव्हतं.

अर्ज आम्ही शेडमध्येच भरला. पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या, मध्ये डब्याच्या दुधाचा दाट चहा.

"'हीच व्यक्ती का हवी?'" गॅरेटनं वाचलं. "काय लिहू?"

"खरं ते लिही."

"खरं लिहिलं तर लगेच फेटाळतील गं, ऑड्रा."

मी चहात बघत राहिले. आमच्याकडे टपालवालासुद्धा येताजाता 'काय गं राणी' म्हणतो, त्याला काही अर्थ नसतो. गॅरेट मात्र मला नावानंच हाक मारायचा, जपून, काचेचं भांडं उचलावं तशी.

"पुढे वाच."

"माणूस मालकाच्या घरचं, जवळच्या नात्यातलं नको."

"नाहीच आहे मुळी."

"नाही..." तो थांबला. "अजून."

मग दोघांनीही एकदम चहाचे कप उचलले.

"आणि मंजुरीआधी कामाला हात लावायचा नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "लावलास तर सरकार म्हणणार, आमच्या पैशांवाचून चाललंय की तुमचं! तू आपली चहाला येत जा."

मी चहाला जायची. हात मागे बांधून बसायची. तो चुकायचा, मी ओठ चावायची.

पण योजनेचे अधिकारी टोबिनसाहेब गॅरेटची कंपनी बघायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी नळीत पाणी शिरलं. गॅरेट जमिनीवर सुटे भाग मांडून बसला होता. एकच स्क्रू त्याच्या हातातून तीनदा निसटला. नियम मला पाठ होता... पण ते हात बघवेनात.

"सरक," मी म्हटलं.

सरकला, तो एवढासाच. संध्याकाळपर्यंत त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, आणि नळीचा घसा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर बोटवाले जमले. पिंजरा पाण्यात सोडला. क्षणभर काहीच नाही... आणि मग गॅरेटच्या हातातल्या पेटीतून स्वच्छ, गोड शीळ आली. बोटवाल्यांनी टोप्या उडवल्या. टोबिनसाहेबही हसले. पांढऱ्या मिशांचा, मायाळू माणूस.

"वा रे पठ्ठ्या! हा आवाज कसा साधलास?"

"मी नाही हो! हिनं!" गॅरेट ओरडला. त्याचा चेहरा असा उजळला होता! "काल मी हात टेकले होते साहेब, हिनं एका दुपारी..."

तो थांबला. फार उशिरा.

टोबिनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "अर्ज हिच्याच नावाचा ना? म्हणजे ही कामाला लागलीसुद्धा?"

"नाही, नाही. कामाला नाही," गॅरेट गडबडून म्हणाला.

"मग इथं कशाला येते, बाळा?" आवाजात कुठं राग नव्हता. उलट सुटायला वाट देत होते बिचारे. "नातं आहे काही?"

शेजारीण आहे, म्हणायचं. सहज आली होती, म्हणायचं. मी डोळ्यांनी त्याला विनवत होते – खोटं बोल रे... एवढं एकदा!

गॅरेटनं माझ्याकडे पाहिलं. त्याला खोटं जमत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"माझा जीव आहे तिच्यावर," तो टोबिनसाहेबांना म्हणाला.

जे ऐकायला मी इतके दिवस तो दाट चहा पीत होते, ते असं, सरकारी प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकलं. आनंद उसळला, आणि त्याच क्षणी नोकरी गेली हेही कळलं. दोन्ही एकदम. रडावं की हसावं... काहीच सुचेना.

"कामाला म्हण नाहीतर घरची म्हण," टोबिनसाहेब खाली बघत म्हणाले, "मला अर्जावर 'नामंजूर' असंच लिहावं लागणार. दुसरं कुणी माणूस असेल तर..."

दुसरं कुणी नव्हतंच. आमच्या बंदरात आता उरलंय कोण?

जूनअखेर मी सामान बांधलं. गॅरेटनं शेडला कुलूप लावलं आणि काकाच्या बोटीवर खेकडे धरायला रुजू झाला. बस सुटायच्या आधी तो धावत आला. अंगाला माशांचा वास, हात मिठानं चिरलेले.

"पुन्हा सांगू का? आता मध्ये सरकार नाही."

"नको. सांगितलंस तर माझा पाय निघणार नाही. आणि राहून काय करू रे? दोघं तुझ्या काकाच्या जिवावर?"

त्यानं माझी बॅग उचलून वर ठेवली, खाली उतरला, आणि दार मिटता मिटता त्यानं सांगितलंच.

तरी मी गेले.