रंग परत येईपर्यंत

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. मराठी शाळेतून निवृत्त झाले तरी शिकवणं मी सोडलं नाही. संध्याकाळी पुढच्या खोलीत सतरंजी घातली की गल्लीतली मुलं दप्तरं घेऊन येतात. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दक्खनी, शाळेत इंग्रजी, अशी ही मुलं. "हौ बाई", "नक्को बाई" चाललेलं असतं. मराठी वाचताना अडखळतात, पण प्रयोग करायचा म्हटलं की गुडघ्यांवर सरकत पुढे येतात.

माझा सगळ्यात जुना प्रयोग नखाचा. त्याला सामान लागत नाही. मुलांच्या जोड्या लावायच्या. एकानं दुसऱ्याच्या बोटाचं नख दाबायचं, ते पांढरं पडतं. सोडलं की गुलाबी रंग परत येतो. "रक्त बाहेर गेलं होतं, घरी आलं," असं मी सांगते. बोट घ्यायचं ते डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं, कारण त्याला शाई लागलेली नसते. आणि नियम एकच. रंग परत येईपर्यंत समोरच्याचा हात सोडायचा नाही. मुलांना घाई असते, म्हणून हा नियम. ज्याला जोडी मिळत नाही ते मूल माझ्यासमोर येऊन बसतं आणि माझं नख दाबतं. इतकी वर्षं असंच चाललं आहे.

ही हकीकत गेल्या वर्षीची, सत्त्याण्णव सालची. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लासची आणखी एक पाटी लागली होती, घरोघरी केबल आली होती, आणि माझा मुलगा अजय बँकेच्या परीक्षेचा नाद सोडून परदेशी वैद्यकीय यंत्रं विकणाऱ्या कंपनीत लागला होता. त्याच्या कमरेला पेजर असे. तो वाजला की मुलं शिकणं सोडून त्याच्याकडे बघत.

मागच्या अंगणात लिंबोणी आहे. लिंबं काढताना अंगठ्यात काटा गेला. मी हळद दाबली आणि विसरले. पुढे एका संध्याकाळी शिकवता शिकवता थंडी भरली. दात वाजायला लागले. समोर मीना बसली होती, गल्लीच्या टोकाच्या इस्त्रीवाल्यांची मुलगी. तिला मी तिच्या आईच्या नावानं हाक मारली.

"बाई, मी मीना," ती म्हणाली. मी पुन्हा तेच नाव घेतलं. तेव्हा ती उठली आणि अजयला बोलवायला धावली. त्या पोरीचे माझ्यावरचे हे पहिले उपकार.

ऑटोत बसल्याचं आठवतं. सिकंदराबादकडे नवीनच उघडलेल्या खाजगी हॉस्पिटलचा काचेचा दरवाजा आठवतो. मग एक चेहरा माझ्यावर वाकला. तोंडावर मास्क, पण डोळे ओळखीचे.

"बाई, मी त्रिवेणी. सातवी ब. खिडकीजवळ बसायची."

"बडबडी," मी म्हणाले म्हणे. मला ते आठवत नाही.

त्रिवेणीनं मला नंतर समजावलं ते मी मुलांना असं सांगते. अंगात जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं. कधी कधी लढता लढता त्याला भान राहत नाही, आणि ते चोराला हुसकवण्यासाठी स्वतःचंच घर पेटवून देतं. त्याला सेप्सिस म्हणतात. मग रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थांबतात. माझं तसं झालं होतं. घशातून नळी घालून यंत्रानं श्वास दिला जात होता.

अतिदक्षता विभागाला खिडकी नव्हती. पांढऱ्या ट्यूबलाइटचा उजेड, अंग गोठवणारा एसी, स्पिरिटचा वास आणि यंत्रांची टिकटिक. औषधांच्या गुंगीत मी कधी तरंगायची, कधी बुडायची. हात पलंगाला सैल बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून.

त्या बुडण्यात कुणीतरी माझा डावा हात धरला.

हात लहान होता. शाळकरी मुलाचा असतो तेवढा. गार आणि ओलसर, नुकतीच पाटी पुसल्यासारखा. पाटी ओली केल्यावर येतो तो वासही आला. त्या हातानं माझं करंगळीशेजारचं बोट निवडून घेतलं, नख दाबलं आणि दाब काढला. मग काहीच केलं नाही. नुसता माझा हात धरून राहिला. घाई नव्हती. मला वाटलं, कुणाचं का असेना, चांगलं शिकवलेलं मूल आहे.

ते बऱ्याचदा आलं. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ थोडा कमी होत गेला. एकदा आलं, दाबलं आणि लगेच हात सोडला. त्यानंतर मला जाग आली आणि डॉक्टरांनी घशातली नळी काढली.

आवाज फुटायला वेळ लागला. फुटल्यावर मी आधी त्रिवेणीचे आभार मानले, मग विचारलं, "ते मूल कुणाचं गं? नर्सबाईंचं का? इतक्या आजारी माणसांत आणू नये."

"इथे मुलांना सोडत नाहीत, बाई. भास होतात या वॉर्डात. औषधांचे असतात, तापाचे असतात. अगदी सगळ्यांना होतात." ती चार्ट लावून जायला निघाली आणि परत वळली. "काय करत होतं?"

"नख दाबत होतं."

तिनं स्टूल ओढलं. "कुठल्या बोटाचं?"

मी हात पुढे केला. ती त्या बोटाकडे बघत बसली.

मग तिनं सांगितलं. ती या विभागात संशोधन करत होती. रक्तदाब कोसळण्याच्या आधी नखाचा रंग उशिरा परत येतो का, आणि त्यावरून धोका लवकर ओळखता येईल का, हा तिचा विषय. "तुमच्या वर्गातूनच उचललाय, बाई. मोठे डॉक्टर हसतात मला. एवढी फॉरेनची मशीनं आणून दिली आणि ही नखं बघत बसते, म्हणतात."

"मग तुझ्याच माणसांनी दाबलं असेल."

"आम्ही उजव्या हाताची तर्जनी दाबतो. सगळ्यांची. तसं ठरवूनच घेतलंय." तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं. "तुम्ही पहिल्या नाही आहात. अंबरपेठचे एक ड्रायव्हर होते, एक कॉलेजातली मुलगी होती, तेलुगूच बोलणारी. तुमच्या वर्गाशी कुणाचा संबंध नाही. त्यांनी हेच बोट दाखवलं."

"आणि ते सगळे बरे झाले?"

"झाले. पण त्यावरून काही ठरत नाही, बाई. जे वाचले त्यांनीच मला सांगितलं. जे गेले त्यांना कसं विचारू?"

घसा दुखत असतानाही मी म्हणाले, "शाब्बास." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

शेजारच्या पलंगावर भाग्यलक्ष्मी होती. पहिलं बाळंतपण, मुलगी झालेली, आणि मग पोटात पू होऊन हाच आजार. बाळ सासूकडे होतं. तिचा नवरा भेटीच्या वेळी दाराच्या काचेला कपाळ टेकून उभा राहायचा. ती आता बरी होत होती. तिला जाग येई तेव्हा ती मला खुणेनं बाळ केवढं आहे ते दाखवी, दोन हातांत मावेल एवढं. दुसऱ्या दिवशी तिला साध्या खोलीत हलवायचं ठरलं होतं.

त्या दुपारी अजय भेटायला आला; यंत्रांच्या कंपनीचा माणूस म्हणून त्याला आत सोडत. तिच्या डोक्यावरच्या मॉनिटरकडे बोट करून म्हणाला, "आई, हे आमच्या कंपनीचं. जर्मन आहे. आकडे बघ कसे झकास आहेत."

"तुझं कौतुक पुरे. तिला झोपू दे," मी कुजबुजले. आवाज अजून तेवढाच निघत होता.

"हौ, हौ," म्हणत तो हसत बाहेर गेला.

मी भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं. ती गाढ झोपली होती. चादर स्थिर होती. आकडे खरंच चांगले होते.

ओल्या पाटीचा वास आला.

तिचा डावा हात चादरीवरून हळूच वर उचलला गेला. मनगट सैल होतं. बोटं खाली लोंबत होती. एकच बोट सरळ होतं, करंगळीशेजारचं.

त्याचं नख पांढरं पडलं.

मी वाट बघू लागले. रंग परत यायला हवा होता. आला नाही.

हात तसाच अधांतरी राहिला. कुणीतरी धरून थांबलेलं होतं, आणि घाई करत नव्हतं.

मी हाक मारली. घशातून नुसती हवा आली. सिस्टर दूरच्या टेबलाशी पाठ करून बसली होती. काचेपलीकडे भाग्यलक्ष्मीचा नवरा माझ्याकडे बघून नमस्कार करत होता.

माझ्या बोटाला यंत्राचा चिमटा होता. मी तो काढून फेकला.

माझं यंत्र किंचाळायला लागलं. सिस्टर धावत आली. "अम्मा, क्या हुआ? कायकू निकाले?"

मी शेजारी बोट दाखवलं. तेवढ्यात भाग्यलक्ष्मीचा हात चादरीवर पडला. सिस्टरनं मॉनिटर पाहिला. "वो ठीक है, अम्मा."

सिस्टरला धरायला पदर नव्हता, म्हणून मी तिची बाही धरली आणि सोडलं नाही. त्रिवेणी येईपर्यंत.

त्रिवेणीनं माझ्याकडे पाहिलं. सरळ भाग्यलक्ष्मीचा डावा हात हातात घेतला आणि ते नख दाबलं. मग दुसऱ्या हाताचं. मग गुडघ्यावरची कातडी. रंग परतायला फार वेळ लागत होता; मी त्रिवेणीचा चेहरा बघत होते. नंतर ती मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलली. ते म्हणत असावेत की आकडे चांगले आहेत, कारण ती म्हणाली, "अजून चांगले आहेत, सर. म्हणूनच आत्ता ऑपरेशनला न्यायचंय."

भाग्यलक्ष्मीच्या पोटात पुन्हा पू साचला होता. ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यावर मग तिचा रक्तदाब कोसळला. पण तेव्हा सगळे हजर होते, सगळं तयार होतं. ती वाचली.

"तुम्ही काय पाहिलंत?" त्रिवेणीनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

मी जसं पाहिलं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला कुठेच लिहिता येणार नाही."

"नको लिहूस. नखाचं लिही. ते खरं आहे."

मी घरी आले. काही महिन्यांनी भाग्यलक्ष्मी बाळाला घेऊन काचीगुड्याला येऊन गेली. मुलीच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. एक मूठ मी उघडून पाहिली, पाचही नखं गुलाबी होती. अजय आता घरी आला की आधी माझं बोट दाबतो. "जर्मन नाही, देशी पद्धत," असं म्हणून स्वतःच हसतो. मला या सगळ्यांचं देणं फेडता येणार नाही. मीनाचं, त्रिवेणीचं, बाही फाटली तरी न रागावलेल्या सिस्टरचं. आणि त्या मुलाचं, ज्याचं नाव मला ठाऊक नाही आणि जे माझ्या वर्गात कधी बसलं का तेही सांगता येत नाही. मी त्याचे रोज मनात आभार मानत असे.

परवा बऱ्याच दिवसांनी पुन्हा नखाचा प्रयोग घेतला. मुलं विषम संख्येनं आली होती. मी जोड्या लावल्या. मीना उरली. तिनं माझ्याकडे यायचं म्हणून मी सरकून जागा केली.

ती आली नाही. भिंतीकडे तोंड करून, डावा हात पुढे धरून बसली होती.

"मीना, इकडे ये. तुझी जोडी माझ्याशी."

"नक्को बाई. माझी जोडी झाली ना."

मी उठून तिच्याजवळ गेले. तिचा हात घेतला. बोट थोडं ओलसर होतं. नख गुलाबी होतं, छान गुलाबी.

"आभार मानलेस का?" मी विचारलं.

"हौ, मानले." तिनं भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "ते म्हणतंय, आता बाईंचं बघतो."

बाकीची मुलं आपापल्या जोडीदाराच्या बोटावर वाकलेली होती. बाहेर गाडीची शिट्टी झाली. मी मीनाशेजारी सतरंजीवर बसले आणि डावा हात पुढे केला.

नख पांढरं झालं.

नियम माझाच होता. हात कुणीही सोडला नाही. आम्ही तिघं रंगाची वाट बघत बसलो.