एकदांडीची दहावी प्रत

भुताखेतांच्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही. कुणी सांगायला लागलं की पहिली टिंगल माझीच. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामेबहिणीची आहे, आणि ते चित्र मी स्वतः हातात धरलंय.

खोटं वाटलं तर वाटू दे.

सोळा फेब्रुवारी २००३. रविवार. कोल्हापूर, विद्यापीठाचं कलादालन. रात्र नाही, अमावास्या नाही. भर दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन.

माझी बहीण रूपाली लाकडी फळीवर चित्रं कोरते. फळीला रुळानं शाई लावायची, वर कागद ठेवायचा, पाठीमागून घासायचं, की ठसा उमटतो. मोठ्या कलाकारांकडं त्यासाठी यंत्र असतं.

रूपालीकडं आई होती.

मीनामामी. मामा लवकर गेले. मामीनं उचगावात लोकांच्या उसात भांगलण करून पोरीला शिकवलं. दिवसभर तण उपटायचं आणि संध्याकाळी त्यातलंच एखादं रोप पदरात घालून पोरीला आणून द्यायचं. माका, कुर्डू, आघाडा. रूपाली ते कोरायची. मग मामी मांडी घालून बसायची आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं कागद घासायची.

खर्र... खर्र... खर्र...

एक ठसा पुरा झाला की चमचा फरशीवर दोनदा आपटायची. टक्. टक्.

अशी बारा रोपं कोरायची ठरली होती. एका रोपाच्या दहा प्रती. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं नंबर, आणि उजव्या कोपऱ्यात रूपालीची सही.

कोरताना हत्यार निसटून बोट कापलं की मामी एकदांडीचा पाला चुरगाळून जखमेवर पिळायची. म्हणून बारावं, शेवटचं चित्र एकदांडीचं ठरलं.

नऊ प्रती झक्क निघाल्या. दहावी मामीनं आनंदाच्या भरात स्वतःच उचलली. अंगठ्याला शाई होती. नेमका सहीच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटला.

दोन रात्रींच्या जागरणानं रूपालीचं टाळकं फिरलेलं. "तुझा अंगठा रेशनच्या दुकानात लाव, आये! माझ्या चित्रावर न्हाय!"

आणि तिनं तो कागद टराटरा फाडला.

मामीला लिहिता येत नव्हतं. आयुष्यभर तिनं अंगठाच लावलेला.

"मी काय मुद्दाम केलो व्हय गं..." एवढंच ती बोलली. चमचा धुतला, फडताळात ठेवला. परत त्याला हात लावला नाही.

महिन्याभरात मामी काविळीनं गेली.

रूपाली रोज ठरवायची, उद्या माफी मागू. शेवटचे चार दिवस मामीला माणूसच ओळखू येत नव्हतं. माफी राहिली ती राहिलीच.

मामीच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी रूपालीनं एकदांडीची फळी घेतली आणि तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन खोल चरे ओढले. ठसेकामात तशी रीतच आहे. प्रती पुऱ्या झाल्या की फळी मारून टाकायची. त्यावरून पुढं कुणी प्रत काढलीच, तर चित्रावर पांढरी फुली येते आणि चोरी कळते. इथं प्रती पुऱ्या झाल्याच नव्हत्या. पण आई नाही, तर दहावी प्रतही नको, असं तिचं म्हणणं.

फळी आणि तो चमचा तिनं मामीच्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

फेब्रुवारीत प्रदर्शन लागलं. नाव दिलं 'भांगलण'. भिंतीवर अकरा रोपं. बारावा खिळा रिकामा. एकदांडी तिच्यानं टांगवली नाही.

त्या रविवारी दीड वाजता दालनाचे शिपाई आकारामदादा जेवायला गेले. रूपाली एकटीच टेबलाशी बसली होती.

आधी पंखा थांबला. लाईट गेली असेल, तिला वाटलं.

मग बाहेरची साळुंक्यांची कलकल थांबली...

मग वास आला. चुरगाळलेल्या पाल्याचा. हिरवा, उग्र...

तिचा हात आपोआप स्वतःच्या बोटाकडं गेला. बोट कुठंच कापलं नव्हतं.

आणि दालनाच्या कोपऱ्यात फळकुटाचा आडोसा होता, त्याच्यामागून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

"कोण हाय?"

आवाज थांबला नाही. घाई नाही, गडबड नाही. पोटापाण्याचं काम करावं तसं कुणीतरी घासत होतं.

रूपाली उठली. "आये?"

टक्. टक्.

आडोशामागं कुणी नव्हतं. स्वच्छ फरशी. पंखा आपोआप फिरायला लागला.

ती तिथंच खाली बसून रडली. किती वेळ, तिला ठाऊक नाही. दारात आकारामदादांचा आवाज आला तेव्हा ती भानावर आली.

"ताई, वलं चित्र टांगू नका म्हणून सांगितलंतं न्हवं? भिंत काळी झाली की! मला बोलणी बसत्यात!"

"कुठलं चित्र, दादा?"

"हे काय! सकाळी न्हवतं हे हितं."

बाराव्या खिळ्यावर एकदांडी होती. शाई ओली, चकचकीत.

चित्रावर पांढरी फुली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

म्हणजे ही प्रत मामी गेल्यावर निघालेली...

नंबरची जागा कोरी. आणि उजव्या कोपऱ्यात, सहीच्या जागी, काळा अंगठा.

रूपाली तशीच रिक्षानं उचगावला गेली. ट्रंकेचं कुलूप जागच्या जागी होतं. आत फळी शाईनं माखलेली. चमचा मात्र धुऊन पुसून ठेवलेला.

एक थेंब पाणी अजून त्याच्यावर होतं.

ते चित्र तिनं विकलं नाही, काचेत घातलं नाही. नंबर टाकला नाही की सही केली नाही. गेल्या वर्षी मी उचगावला गेलो तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं. पाच वर्षं उलटून गेली होती. मी सहज कोपऱ्याला बोट लावलं.

बोट काळं झालं.

बाकीचं चित्र खडखडीत वाळलेलं. तेवढा अंगठाच ओला.

"माफ केलं बघ मामीनं तुला," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

रूपालीनं माझं बोट तिच्या ओढणीनं पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"माफ करायला आलती, का मी फाडलेलं भरून द्यायला आलती? जलमभर राबली रे ती. मेल्यावरबी मी तिला कामालाच लावलो का?"

मी घरी आलो, साबणानं हात धुतला, दगडानं घासला.

डाग गेला. पण हे लिहिताना बोटाला पाल्याचा वास येतोय...