रिकाम्या बागेतलं फळ

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रोग्रॅम नीट चालायला लागला की त्याला उपाशी मारून बघायचं. माझ्या प्रोग्रॅममध्ये घरामागची सफरचंदांची बाग होती. झाडं, फुलं, परागकण वाहणाऱ्या मधमाश्या, सगळं आकड्यांचं. थंडी सरता सरता मी सगळी फुलं पुसली. माश्यांनी थोडं भटकावं आणि मरावं, एवढीच अपेक्षा.

मेल्या नाहीत. नकाशाच्या एका कोपऱ्यात जायच्या आणि पोटभर मकरंद घेऊन परत यायच्या.

चूक माझीच असणार म्हणून कित्येक आठवडे सगळा कोड पालथा घातला. काही सापडलं नाही. ऑफिसातल्या एका चष्मेवाल्या सहकाऱ्याला फोन केला.

"फुकटचं खातायत की लेकाच्या," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यात आहे काय?"

"आमचं घर."

नकाशा हवाई फोटोवरून काढलेला. मोठा करून पाहिला. माश्या आमच्याच घरावर उतरत होत्या, मागच्या खोलीवर.

मागच्या खोलीत बायको असते. थंडी सरल्यापासून तिनं अंथरूण धरलंय. दुखत काहीच नाही, फक्त अन्न जात नाही. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, अशीच राहिली तर फार काळ काढणार नाही. ऐकून मला रडूसुद्धा आलं नाही. घरी आलो, लॅपटॉप उघडला. तिचं करायला माझी थोरली बहीण येऊन राहिली आहे. ती मला दगड म्हणते. म्हणू दे.

"हिला कुणीतरी शोषून घेतंय बघ," त्या दुपारी चमचा खाली ठेवत ताई म्हणाली.

मी जागेवर जाऊन नकाशातला तो कोपरा कापून टाकला. माश्या बागेवर घिरट्या घालत राहिल्या आणि एकेक करून मेल्या.

आतून ताईची हाक आली. "अरे, ही दूध प्यायली. सगळं."

संध्याकाळी तिनं जेवण मागितलं. सकाळी उठून बसली. ताईच्या डोळ्यांचं पाणी खळेना. मलाही बरं वाटलं असावं.

मग प्रोग्रॅम आवरायला बसलो. माश्या नव्हत्या, कोपरा नव्हता. तरी पडद्यावर, नकाशाच्या बाहेर, एक हिरवं फळ होतं.

नियम माझेच. परागकण पोचले की फळ धरतं. फळ पिकलं की फूल पुसून टाकायचं. खऱ्या बागेत फूल कधीच गळून गेलेलं असतं, पण सोपं पडावं म्हणून मी तसं लिहिलं होतं. बागेतली फुलं आधीच पुसली होती. फूल म्हणून उरली होती ती एकटी, मागच्या खोलीतली.

फळ पुसायला गेलो.

पुसेना. पुसायचं तर जागा सांगावी लागते, आणि ती जागा मीच कापून टाकली होती.

मागच्या खोलीत ताई कौतुकानं हसत होती. "इतक्या दिवसांची भूक आजच भागवणार का गं?"

"माझ्यासाठी नाही हो, ताई," बायको म्हणाली. "पण वाढा अजून."

ताटात डाव वाजला. पडद्यावरच्या फळाला एका बाजूनं लाली धरली.