कोणतं बोट?

मुलांच्या मेंदूची तपासणी म्हटलं की आईबापांना वाटतं, मोठी यंत्रं असतील, डोक्याला तारा लावतील. माझ्या लोणावळ्याच्या खोलीत एक टेबल, थोडे लाकडी ठोकळे आणि कापडी पडदा लावलेली एक चौकट आहे. मूल पडद्याखालून हात आत सरकवतं, मी पलीकडून त्याचं एक बोट हलकेच दाबते आणि त्यानं न बघता सांगायचं, कोणतं. बरोबर की चूक, हे मी कधीच सांगत नाही. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही, हा आमच्या कामाचा नियम. नवऱ्याच्या मते मी तो घरीही पाळते.

कोमल चौदा वर्षांची, मळवलीची. तिचे वडील संदेशभाऊ तिथले बंगले सांभाळतात, शिवाय घरची भातशेती आहे. कोमलच्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या, त्या दंडापर्यंत चढायच्या आणि मग फिट यायची. गेल्या लावणीत ती खाचरात पालथी पडली. पाणी घोट्याइतकं, पण नाक बुडायला तेवढं पुरतं. वडील बांधावरच होते म्हणून पोर हाती लागली. गोळ्यांनी काही फरक पडत नव्हता. मेंदूचा बिघडलेला तुकडा काढून टाकावा, असं पुण्याचे डॉक्टर म्हणत होते. तो काढल्यावर तिचं आणखी काय काय जाईल, हे मला तपासून सांगायचं होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. खिडकीतून नागफणीचा सुळका स्वच्छ दिसत होता. डावा हात पडद्याखाली घालून कोमल भराभर उत्तरं देत होती. मी हात मागे घेऊन पेन उचललं.

"करंगळी," ती म्हणाली.

"मी दाबलं नाही, कोमल."

"व्हय. तुमी न्हाई." मग जरा थांबून, "आता मधलं."

मला वाटलं, फिटची सुरुवात असेल. मी तिला पाढे म्हणायला लावले, मैत्रिणींची नावं विचारली. पोरगी पूर्ण शुद्धीवर होती. तेराचा पाढा म्हणता म्हणता मध्येच "अंगठा" म्हणायची आणि पुन्हा पाढ्यावर यायची.

"मुंग्या येताहेत का?"

"मुंग्या येगळ्या. ह्ये दाबून थांबतं. आपुन सांगंस्तवर थांबतं."

"आणि सांगितल्यावर?"

"मग दुसरं दाबतं."

पडद्याची माझ्याकडची बाजू उघडी असते. मी वाकून पाहिलं. तिचा हात टेबलावर उताणा, सैल पडला होता. करंगळीजवळच्या बोटाच्या टोकाला खळगा पडला होता आणि तिथली कातडी पांढरी झाली होती, दाबल्यावर होते तशी. वर कुणाचंही बोट नव्हतं.

"करंगळीजवळचं," कोमल पलीकडून म्हणाली. खळगा भरला, रंग परत आला. मग अंगठ्याजवळचं बोट पांढरं झालं.

देवळाची पायरी मी वर्षातून एकदा चढते, तीही प्रसादासाठी. पण तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.

"आता मुद्दाम चुकीचं सांग," मी म्हटलं.

"अंगठा."

तेच बोट पुन्हा दबलं. ती पुन्हा चुकीचं बोलली. पुन्हा तेच बोट, पहिल्यापेक्षा हळुवार. आम्ही मुलांना चुकू देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. हे वळत नव्हतं. न रागावता, न कंटाळता तिला शिकवत होतं. एवढी माया मी कुठल्याही मास्तराच्या हातात पाहिली नाही. मला रडू आलं.

कोमलनं विचारलं, "आपरेशन झाल्यावं ह्ये येईल का?"

"बहुतेक नाही गं."

तिनं पडद्याखाली मूठ मिटून घेतली.

संदेशभाऊ बाहेर बाकावर बसले होते. पाहिलं ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली टोपी चाचपली.

"मॅडम, ते काय बी आसू द्या," ते म्हणाले. "पोरगी पान्यात पडली तवा त्यानं उचलली न्हाई. मी उचलली."

माझा कौल ऑपरेशनच्या बाजूनं गेला.

मार्चमध्ये कोमल पुन्हा आली. केस बोटभर वाढले होते. फिट एकदाही आली नव्हती. संदेशभाऊंनी पेढे आणले होते आणि बोलताना ते सारखे हसत होते. डाव्या हाताला माझा स्पर्श तिला निम्माच कळत होता. तेवढं जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

तपासणी संपली तरी तिनं पडद्याखालचा हात काढला नाही. मीही उठले नाही.

दोघी वाट बघत बसलो.

"येत न्हाई," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "मी सापडत नसंल त्याला."

ऑपरेशन योग्यच होतं. तरीही मला चोरासारखं वाटलं. तिला काहीतरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

माझा डावा हात टेबलावर उन्हात होता. कुणीतरी हलकेच दाबलं होतं.

दाबून थांबलं होतं.

कोमल माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उजळला.

"तुमाला आलं? सांगा की मॅडम, कोणचं बोट? थांबलंय ते."

मी पाहिलं. पाचही बोटं उन्हात निवांत पडली होती. एकही दबलेलं नव्हतं.

दाब पुन्हा आला, पहिल्यापेक्षा हळुवार. करंगळीच्या पलीकडे, माझा हात जिथे संपतो त्याच्याही पुढे.