मगन हवालदाराची फुंक

शुक्रवार, २४ फेब्रुवारी २०२३. रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. अमळनेर-धुळे रस्ता. मोरीच्या अलीकडे नाकाबंदी. दोन बॅरिकेड, एक जीप, चार पोलीस.

एवढं कागदावर आहे. पुढचं कागदावर नाही, म्हणून तोंडाने सांगतो. तेजस, ती मोटारसायकलची चावी बोटात फिरवायची थांबव आणि बस. भरीत झालं, शेकोटी झाली, तुझं ते दुसरंही झालं. दोनच घेतल्यात, हे मला सांगू नकोस. पस्तीस वर्षं मी अपघाताच्या बातम्या लिहिल्या. त्यातल्या प्रत्येकाने दोनच घेतलेल्या होत्या.

तर मगन हवालदार. माझ्या चांगल्या ओळखीतला. कोणत्या ठाण्यात होता ते विचारू नका. त्या रात्री त्याच्याकडे साधं काम होतं. ठाण्यातलं श्वास तपासायचं मशीन आणि नव्या नळ्यांचं पाकीट नाक्यावर नेऊन द्यायचं. थंडी होती. मफलर गुंडाळला, वाटेत चहा घेतला आणि साडेदहाला तो नाक्यावर पोचला.

ते मशीन तुम्ही पाहिलंय. नळी लावायची, चालकाने फुंकायचं, आकडा उमटतो. तीसच्या वर गेला की गुन्हा. मग एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी निघते. तारीख, वेळ, आकडा. खाली फुंकणाऱ्याची सही आणि शेजारी साक्षीदाराची.

मगनच्या गळ्यात तुळशीची माळ. सुपारीचंही व्यसन नाही. त्यामुळे ठाण्यात एक रीत पडली होती. रात्रीत वीस तपासण्या दाखवाव्या लागत. गाड्या कमी आल्या की उरलेल्या मगनने फुंकायच्या. शून्य, शून्य, शून्य. आणि कुणी ‘आपला माणूस’ अडकला, फोन आला, की त्याच्या नावावरही मगनच फुंकायचा. नव्या भरतीचे शिपाई हसायचे, "मगनआबाची फुंक म्हणजे गंगाजल." सकाळी आमच्याकडे पत्रक यायचं : मोहीम यशस्वी. मी ते छापायचो. एकदाही न विचारता छापायचो. ते माझ्या माथ्यावर. ते कुणी पुसून टाकावं असं माझं म्हणणं नाही.

अकरा पस्तीसला पांढरी मोठी गाडी थांबली. प्रेमराज चालवत होता. बियाणं-खतांचा विक्रेता, हळदीच्या जेवणावरून निघालेला. शेजारच्या सीटवर त्याचा पगारी ड्रायव्हर बसला होता. थेंबही न प्यालेला. मांडवातून निघताना मालकाने त्याच्या हातातून चावी काढून घेतली होती. माझी गाडी, मीच चालवणार. हे त्या ड्रायव्हरनेच मला नंतर सांगितलं आणि कोर्टात सांगितलं नाही.

काच खाली झाली तसा वास आला. मगनने नळी पुढे केली. प्रेमराजने नळीऐवजी फोन पुढे केला. नाक्यावरचे साहेब तो घेऊन जीपमागे जाऊन बोलले, परत आले आणि म्हणाले, मगन, उरकून टाक.

मगनने फुंकलं. शून्य. प्रेमराजने चिठ्ठीवर सही केली, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी घेऊन गेला.

चार किलोमीटरवर एक ढाबा आहे. तिथे तानुबाई भाकरी करायची. काम आटोपून ती कडेकडेने घरी चालली होती. हाताला पीठ तसंच. गाडीने तिला मागून उडवलं. ढाब्याच्या मालकाने आवाज ऐकून घड्याळ पाहिलं. अकरा एक्कावन्न. पाऊण तास ती श्वास घेत होती. छाती चेपलेली, तरी घेत होती. गाडी मिळून दवाखाना येईपर्यंत तो संपला.

प्रेमराज दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलाला घेऊन हजर झाला. तोवर रक्तात काय राहणार? कागद एकच होता. अपघाताच्या अकरा मिनिटं आधीची सरकारी चिठ्ठी. शून्य. संध्याकाळी तो जामिनावर घरी.

तानुबाईचा नवरा वना ठाण्यात आला. ओरडला नाही, रडला नाही. मगनच्या टेबलासमोर उभा राहून त्याने एकच विचारलं.

"भाऊ, तो पियेल व्हता का?"

मगन म्हणाला, "मशीन शून्य सांगतं."

वना तसाच निघून गेला.

आता ऐका. शनिवार, चार मार्च. होळी दोन दिवसांवर, म्हणून पुन्हा नाकाबंदी, त्याच मोरीजवळ. गाड्या नव्हत्या. वीसचा आकडा भरायचा म्हणून मगनने नळी लावली आणि फुंकलं.

दोनशे बारा.

शिपाई हसायला लागले. "आबा, आज कुठे बसला व्हतात?" मगनने चूळ भरली, नवी नळी घेतली, पुन्हा फुंकलं. दोनशे बारा. एका शिपायाने फुंकलं, शून्य. दुसऱ्याने फुंकलं, शून्य. मगनने फुंकलं. दोनशे बारा. एक आकडा इकडे नाही की तिकडे नाही.

साहेब वैतागले. मशीन बिघडलंय, पेटीत टाका, म्हणाले. सगळे जीप घेऊन जेवायला गेले. मगन नाक्यावर एकटा राहिला. मशीन पेटीत. पेटीला कडी.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. वारा पडला होता. मोरीखालचे बेडूक गप्प झाले.

पेटीत मशीन वाजलं.

फुंकायची वेळ झाली की ते एक बारीक शिटी देतं. ती शिटी. थांबली... पुन्हा वाजली. मगनने कडी काढली. मशीन सुरू होतं. पडद्यावर वेळ होती. अकरा एक्कावन्न.

मग वास आला. दारूचा नाही. चुलीचा धूर आणि भाजलेलं पीठ.

मागे कुणीतरी उभं होतं.

तो वळला नाही. मला म्हणाला, नाना, मान वळवायची हिंमत झाली नाही. पण ऐकू येत होतं. कुणीतरी श्वास घ्यायला बघत होतं... आत जात नव्हता. घरघर... थांबे... पुन्हा घरघर...

मग बाई बोलली. अगदी कानाजवळ. रागाने नाही. उसनं मीठ मागावं तशी.

"भाऊ, त्यानाकरता फुकं. आते मनाकरता बी फुका."

मगनने तिच्यासाठी नळी तोंडात घेतली. फुंकलं.

मागची घरघर थांबली. एक श्वास आत गेला. पूर्ण.

मग तो सुटला... आणि पुन्हा घरघर.

"आजून."

त्याने फुंकलं.

"आजून, भाऊ."

शिपाई जेवून परतले तेव्हा मगन रस्त्यावर मांडी घालून बसला होता. ओठ निळे. नळी दातांत. फुंकत होता. दोघांनी मिळून नळी ओढून काढली. त्यानंतरही बराच वेळ तो नुसताच फुंकत राहिला. हवेत.

हसतोस? हस. मीही हसलो होतो. मग त्याच्या घरी गेलो. रोज रात्री अकरा एक्कावन्नला तो झोपेत उठून बसायचा आणि पाऊण तास फुंकायचा. घड्याळ लावून पाऊण तास. त्याची बायको शेजारी बसून पाठ चोळायची. डॉक्टरांनी तीनदा फोटो काढला. फुप्फुसं साफ.

मशीन तपासायला गेलं, दुरुस्तीची गरज नाही असा शेरा घेऊन परत आलं. कोर्टात त्याचं काम पडेल म्हणून सेल काढून, लाख लावून कपाटात ठेवलं.

एप्रिलमध्ये मगन मला म्हणाला, सगळं लिहून देतो. नोकरी गेली तर गेली, पेन्शन गेली तर गेली. एवढं लिहून दिलं तर ती मला सोडेल. त्याने तीन पानी अर्ज लिहिला. फुंक माझी होती, चालकाची नव्हती. साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी बाहेर बाकावर बसून होतो, त्याला अर्ज घेऊन आत जाताना आणि रिकाम्या हाताने बाहेर येताना मी पाहिलं. आजही ठाण्याचं उत्तर एकच आहे : असा अर्ज प्राप्त नाही. मी बातमी लिहिली. पुरावा काय, असं संपादकाने विचारलं. बातमी पडून राहिली.

जूनमध्ये मगन गेला. रात्री साडेबाराच्या सुमारास, फुंकता फुंकता. शेवटची फुंक सोडली आणि परत आत घेतलीच नाही, असं बायको म्हणाली.

प्रेमराज याच रस्त्याने जातो. गाडी नवी आहे. चावी कुणाच्या हातात देत नाही.

गेल्या नोव्हेंबरात वनाच्या वकिलाने अर्ज करून ते कपाट उघडायला लावलं. मी हजर होतो. लाख शाबूत होती. आधी चिठ्ठ्यांची वही काढली. तो कागद टिकत नाही, एसटीचं तिकीट खिशात कोरं होतं तसा. मगनचे सगळे शून्य उडून गेले होते. प्रेमराजचीही चिठ्ठी कोरी, खाली पेनाची सही तेवढी. पानामागून पान पांढरं.

मग मशीन काढलं. सेल नव्हते.

त्याच्या तोंडातून एक चिठ्ठी लोंबत होती.

अक्षरं काळीभोर, जणू आत्ताच छापलेली. २४ फेब्रुवारी २०२३. अकरा एक्कावन्न. दोनशे बारा. त्या मिनिटाला ते मशीन चार किलोमीटर मागे, मगनच्या हातात होतं. फुंकणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी. साक्षीदाराच्या जागी अंगठा. शाईचा नाही. पांढरा. कारकुनाने बोट लावलं तर त्याच्या बोटाला पीठ लागलं.

पंचनाम्यात तिची नोंद ‘एक चिठ्ठी, मळकी’ अशी झाली. तो अंगठा कुणाचा, हे माहितीच्या अधिकारात मी दोनदा लेखी विचारलं आहे. दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर नाही.