बाजूला बसलेली

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर अश्विनी पुन्हा नसरापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाऊ लागली. पहिल्या तासाला उभी राहायची, उरलेले तास खुर्चीवर. गर्भपिशवी, तिचं तोंड आणि खालच्या योनीमार्गाचा वरचा भाग असं सगळं पुण्यात काढून टाकलं होतं. कॅन्सरची गाठ पिशवीच्या तोंडाशीच होती. अंडाशयं तेवढी ठेवली, कारण चाळिशी नुकतीच उलटली होती. काढलेला भाग बरणीत घालून डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या, अमृतच्या हातात दिला. तपासणीला तोच घेऊन गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

वरवे गावातल्या सासरच्या घरात एका गोष्टीतून मात्र ती सुटली होती. सासूबाई, बाळाबाई, ज्यांना ती आत्या म्हणे, महिन्याची शिवाशिव पाळत. लग्नापासून दर महिन्याला अश्विनी मागच्या पडवीत चटईवर बसे, वेगळ्या ताटात जेवे आणि पाचव्या सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन घरात येई. वाद घालण्याइतकी ती शिकलेली होती, पण तेवढी ताकद उरत नसे. दुखणं वाढून रक्त थांबेनासं झालं, तेव्हा तर घर तिनं पडवीतूनच पाहिलं.

"आता सुटलीस बाई," बाळाबाई म्हणाल्या होत्या. "बारा म्हैने घरात. नैवेद्य तूच कर, माजे गुडगे ऱ्हायले न्हाईत."

ऑपरेशननंतर पडवीत पहिल्यांदा चटई पसरलेली दिसली तेव्हा अश्विनीनं ती गुंडाळून ठेवली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा पसरलेली होती, शेजारी ताट धुऊन पालथं घातलेलं. आत्यांचं वय झालं, जुनी सवय, असं ती स्वतःला म्हणाली. मग तिला चटईच्या मधोमध डाग दिसला. ओला, लाल.

तिनं आधी स्वतःला तपासलं. काही नव्हतं. तरी गाठ उलटली की काय, या धास्तीनं ती पुण्याला जाऊन आली. टाके भरलेत, सगळं स्वच्छ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

संध्याकाळी बाळाबाई तांदूळ निवडत होत्या. तिनं विचारलं, "आत्या, पडवीत ताट कुणाला देता?"

"बसलीया तिला."

"कोण बसलीय?"

"मला काय इचारतीस?" बाळाबाईंनी खडा वेचून बाजूला टाकला. "लई दमल्यावानी बसती. काय मागत न्हाई. उपाशी ठिवू व्हय तिला?"

अश्विनी मनाशी कारणं जुळवू लागली. अंडाशयं शाबूत होती, म्हणजे शरीराचं महिन्याचं चक्र चालूच राहणार. त्या दिवसांत अंग जड होणं, डोकं दुखणं याला कारण होतं. ते तिला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. डागाला कारण सापडत नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती परसात कपडे वाळत घालत होती. मोरीत कुणीतरी तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होतं. शिकेकाईचा वास आला.

ती मागच्या दाराशी आली, तर बाळाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"हात लावू नगं. तिनं डोक्यावरनं पाणी घेतलंया. आत आली ती."

"आत्या, मी अश्विनी."

"व्हय की, ठावं हाय. तू बस जरा. दमलीस." आवाजात माया होती.

आत भाकरी थापली जात होती. बाळाबाईंचे दोन्ही हात चौकटीवर होते.

अश्विनी खरोखरच दमली होती. ती चटईवर बसली.

थोड्या वेळानं पुढच्या अंगणात अमृतनं शाळेत सोडायला गाडी सुरू केल्याचं तिला चटईवरून ऐकू आलं.

"बसलीस नीट?" त्यानं विचारलं.

ऑपरेशन झाल्यापासून, उत्तर आल्याशिवाय तो गाडी हलवत नसे.

गाडी हलली.