भट्टीच्या पोटात

जाळी शाबूत असलेली कुंभाराची एक तरी प्राचीन भट्टी शोधायची, एवढ्यासाठी आम्ही तिघं क्रीट बेटाच्या दक्षिणेकडच्या त्या घळीत उतरलो होतो. जाळी म्हणजे भोकं पाडलेली मातीची लादी. तिच्याखाली जाळ, वर भाजायला ठेवलेले वाइनचे रांजण. मला आजवर उत्खननात मिळालेल्या सगळ्या जाळ्या चुरा झालेल्या. एक धड बघितल्याशिवाय मरायचं नाही, असा माझा हट्टच होता.

सोबत माझा सहकारी लेफ्तेरिस आणि वाट दाखवायला शेळ्या राखणारे सिफिसकाका.

जाळ जास्त लागून वेडीवाकडी झालेली खापरं कुंभार भट्टीपाशीच फेकतात. ती वाढत जातील तिकडे जायचं, हा आमचा नियम. खापरं चढावर वाढत गेली, आम्हीही चढत गेलो. वर भट्टी नव्हतीच! तडा गेलेलं एक टाकं होतं आणि त्याच्या भिंतींत तीच खापरं लिंपलेली.

"आजोबांनी खालून वाहून आणली," काका म्हणाले. "पाणी झिरपत नाही यांतून."

"मग हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"तू भट्टी विचारलीस, पोरी. टाकं कुठे विचारलंस?"

"खालून म्हणजे नेमकं कुठून?"

"ते आजोबांना माहीत."

उतरताना धुकं दाटलं. लेफ्तेरिसचं होकायंत्र एकीकडे, काकांचं बोट दुसरीकडे. तोच वाकडा ऑलिव्ह पुन्हा समोर आला. आपण चढतोय की उतरतोय, हेही मला कळेना. घळीत पोचलो तोच पाऊस कोसळला आणि वरून घरघर ऐकू आली.

लोंढा! काकांनी आम्हाला काठावरच्या एका भोकात ढकललं आणि मागोमाग स्वतः घुसले. आत काळोख. पाणी गुडघ्याला लागलं. मग कमरेला. बाहेर पडायची वाट बंद!

वर बघितलं तर छतात उजेडाचे गोल ठिपके. वटवाघळांची बिळं? पण इतकी सारखी, इतकी ओळीत? मी एका भोकात बोट घातलं. कड भाजलेली, गुळगुळीत.

"देस्पिना," लेफ्तेरिस हळूच म्हणाला, "ही तीच ना?"

"तीच."

धड, एकही तडा नसलेली. आणि आम्ही तिच्याखाली, जाळाच्या जागी.

"वर मोकळं दिसतंय, फोड की," काका म्हणाले. खोदकामाची हातोडी माझ्या हातात होती, पण हात उठेना. पाणी त्यांच्या हनुवटीला टेकलं.

"पोरी, मला पोहता येत नाही."

मी घाव घातला. दुसरा. तिसरा! अर्धी लादी धाडकन खाली आली. लेफ्तेरिसनं काकांना वर ढकललं, मग मला. मुळ्या धरून आम्ही तिघं उघड्यावर येऊन पडलो. मी ढसाढसा रडले, ते जीव वाचला म्हणून की जाळी गेली म्हणून, मला अजून सांगता येत नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही पुन्हा भट्टीत उतरलो. काका वाकून जाळीचे तुकडे वेचू लागले. एक त्यांनी दुसऱ्यावर वाजवून बघितला.

"चांगला पक्का भाजलाय. टाक्याच्या तड्याला लावू?"

लेफ्तेरिस माझ्याकडे बघत राहिला. मी अर्धं भोक असलेला एक तुकडा उचलला आणि काकांच्या झोळीत टाकला.